विंचवापासून फवारणीपर्यंत : गावच्या डॉक्टरला संशोधन शिकवायचे म्हणजे काय?

डॉ. हिंमतराव बावस्कर हे नाव जालना जिल्ह्यात बहुतेकांनी ऐकलेले आहे. भोकरदन तालुक्यातील देहेड या गावी १९५१ साली त्यांचा जन्म झाला. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली तेव्हा जालनेकरांना विशेष आनंद झाला. पण त्यांनी नेमके काय केले असे विचारले, तर "विंचवाच्या विषावर औषध शोधले" एवढेच उत्तर मिळते. ते बरोबर नाही. औषध आधीपासून दुकानात होते. प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी, स्वस्त गोळी. बावस्करांनी शोधले ते वेगळेच, आणि ग्रामीण डॉक्टरांच्या संशोधनाबद्दल बोलायचे तर ते आधी समजून घेतले पाहिजे.

१९७६ मध्ये ते तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात, महाडजवळच्या बिरवाडी प्राथमिक आरोग्य केंद्रात वैद्यकीय अधिकारी म्हणून रुजू झाले. कोकणात लाल विंचू फार. भाताच्या पेंढ्यात, दगडात, चपलेत. विंचू चावल्याने माणूस दगावतो हे गावकऱ्यांना ठाऊक होते. पण तो कशाने दगावतो, याचे नीट उत्तर त्या काळच्या डॉक्टरांच्या हाताशी नव्हते. बावस्कर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून राहिले आणि जे दिसले ते वेळेसह लिहीत गेले. आधी उलटी, दरदरून घाम, तोंडाला लाळ. मग हातपाय गार पडतात, नाडी पळते, रक्तदाब चढतो. मग धाप लागते, फुप्फुसात पाणी भरते, तोंडाला फेस येतो आणि रुग्ण जातो. एका रुग्णात हे दिसले तर ती हकिगत झाली. एकामागून एक रुग्णात हाच क्रम दिसला तेव्हा त्याचे ज्ञान झाले. विष मज्जातंतूंना भडकावते, रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर असह्य ताण येतो. हे उमगल्यावर प्रश्नच बदलला. विष मारायचे कसे याऐवजी आवळलेल्या रक्तवाहिन्या सैल करायच्या कशा, असा तो झाला. त्याचे उत्तर प्राझोसिनमध्ये होते.

या लक्षणांवरचा त्यांचा लेख १९८२ मध्ये आणि प्राझोसिनवरचा लेख १९८६ मध्ये 'लॅन्सेट' या लंडनच्या नियतकालिकात छापून आला. दुसऱ्या लेखात त्यांच्या पत्नी डॉ. प्रमोदिनी बावस्कर सहलेखिका होत्या. गंभीर लक्षणे असलेल्या रुग्णांतले शंभरापैकी चाळीसच्या आसपास दगावत. ते प्रमाण एकाच्या आसपास आले. यामागे कुठली मोठी प्रयोगशाळा नव्हती, कोट्यवधींचे अनुदान नव्हते. नीट पाहणे, प्रत्येक वेळी तेच मोजणे, लिहून ठेवणे आणि लिहिलेले जगापुढे तपासणीला ठेवणे, एवढेच होते. हे शिकता येते. सगळेच बावस्कर होणार नाहीत हे मान्य. पण हे कौशल्य एखाद्याच्या जिद्दीवर सोडून द्यावे की डॉक्टरांना रीतसर शिकवावे, हा खरा मुद्दा आहे.

रजिस्टर भरलेले, उत्तर रिकामे

मी जालन्यात मस्तगड भागात सामाजिक काम करते. कामानिमित्त गांधी चमनच्या स्त्री रुग्णालयापासून तालुक्यांतल्या उपकेंद्रांपर्यंत जाणे होते. प्राथमिक आरोग्य केंद्रातला डॉक्टर काय काय लिहितो हे पाहिले तर थक्क व्हायला होते. ओपीडी रजिस्टर, प्रसूती रजिस्टर, साथरोगांचा साप्ताहिक अहवाल, कार्यक्रमांचे मासिक अहवाल, पोर्टलवरच्या नोंदी. सिस्टर आणि आशाताई यांची रजिस्टरे निराळीच. एवढी माहिती गोळा होते आणि वर जाते. ती परत खाली येत नाही. ज्या डॉक्टरने ती भरली, त्याने स्वतः तिला एखादा प्रश्न विचारला असे क्वचितच घडते. कारण त्याला तसे कुणी शिकवलेलेच नसते. एमबीबीएसला जनऔषधशास्त्र हा विषय असतो, पण बहुतेक विद्यार्थी तो परीक्षेपुरता वाचतात. आपल्या भागात कित्येक ठिकाणी आरोग्यसेवा बीएएमएस डॉक्टरांवर आणि समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांवर चालते. त्यांच्या वाट्याला तर अशी संधी त्याहून कमी येते.

प्रश्न विचारणे म्हणजे काय, ते एका उदाहरणाने पाहू. समजा, एका आरोग्य केंद्रात मागच्या हंगामात फवारणीच्या विषबाधेचे १० रुग्ण आले आणि यंदा २०. विषबाधा दुप्पट झाली का? पटकन 'हो' म्हणावेसे वाटते. पण कदाचित मागच्या वर्षी तिथे डॉक्टरचे पदच रिकामे असेल आणि लोक खासगी दवाखान्यात गेले असतील. कदाचित यंदा कपाशीचा पेरा वाढला असेल, म्हणून फवारणी करणारी माणसेच वाढली असतील. २० हा आकडा एकटा काहीच सांगत नाही. वीस कितीपैकी, हे कळले पाहिजे. संशोधनाच्या भाषेत याला छेद म्हणतात. आपण शाळेत अपूर्णांकाच्या खाली लिहायचो तोच. रुग्ण दवाखान्यात येतात, छेद मात्र गावात असतो. तो मोजायला गावात जावे लागते.

इथे थोडे विषयांतर करते. बाबासाहेबांचा १९१८ सालचा भारतातील लहान शेतजमिनींवरचा लेख आपल्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी वाचलेला असेल. जमीन लहान आहे म्हणून शेती तोट्यात, असे तेव्हा सगळे म्हणत होते. बाबासाहेबांचा आक्षेप असा की, लहान म्हणजे कशाच्या तुलनेत? जमिनीच्या तुकड्याचा आकार एकटा काही सांगत नाही. त्यावर किती भांडवल, किती अवजारे, किती हात आहेत, यावर तो लहान की मोठा हे ठरते. आकड्याला एकटे सोडायचे नाही, ही शिस्त आपल्या घरातली आहे. आरोग्याच्या आकड्यांना ती लावायला आपण विसरलो.

सहापैकी एक

छेद मोजला गेला की काय होते, याचे उदाहरण शेजारच्या बीडमध्ये आहे. ऊसतोड करणाऱ्या महिलांची गर्भाशये मोठ्या प्रमाणावर काढली जात असल्याच्या बातम्या २०१९ मध्ये आल्या. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली, त्यांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे जवळपास सहापैकी एक. त्याच सुमाराच्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशभरातल्या १५ ते ४९ वयोगटातील महिलांत हे प्रमाण सुमारे ३ टक्के होते.

या दोन आकड्यांकडेही डोळे उघडे ठेवून पाहावे. दोन्ही पाहण्यांतल्या बायकांचे वय सारखे नसेल तर तुलना सरळ करता येत नाही. वय वाढते तसे हे प्रमाण वाढतेच. तरीही फरक इतका मोठा आहे की त्याकडे दुर्लक्ष करता येत नाही. मला सलते ते वेगळे. या शस्त्रक्रिया काही एका रात्रीत झाल्या नव्हत्या. त्या बायका वर्षानुवर्षे अंगावरून पांढरे जाते, पाळीत त्रास होतो, कंबर दुखते, असे सांगत आरोग्य केंद्रांत येत होत्या. तिशीतल्या बाईच्या पोटावरची खूण सिस्टरला दिसत होती. रजिस्टरांत ते सगळे तुकड्यातुकड्यांनी असणार. ते एकत्र मांडून "इथे काहीतरी विपरीत आहे" असे पहिल्यांदा म्हणायचा मान मात्र पत्रकारांना आणि महिला संघटनांना मिळाला. जालन्यातूनही ऊसतोडीला टोळ्या जातात. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठा या भागांतल्या टोळ्यांत आपल्या समाजाच्या किती बायाबापड्या असतात, हे वाचकांना सांगायला नको.

हीच गोष्ट डॉक्टरांनी स्वतः करून दाखवली ती गडचिरोलीत. डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी १९८६ मध्ये तिथे 'सर्च' ही संस्था सुरू केली. दोन गावांतल्या ६५० महिलांची त्यांनी तपासणी केली. यात खुबी अशी की, दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावात राहणाऱ्या बायका त्यांनी तपासल्या. ९२ टक्के महिलांना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार निघाले आणि त्याआधी कधी अशी तपासणी झालेल्या होत्या फक्त ८ टक्के. १९८९ मध्ये हे 'लॅन्सेट'मध्ये आले. तोवर ग्रामीण बाईचे आरोग्य म्हणजे बाळंतपण आणि कुटुंबनियोजन एवढेच धोरण होते. दवाखान्यात बसून मोजले असते तर ही ९२ टक्क्यांमधली बहुतेक दुखणी दिसलीच नसती, कारण त्या बाया दवाखान्यात येतच नव्हत्या.

पुढे नवजात बाळांच्या मृत्यूंवर त्यांनी काम केले तेव्हा ३९ गावांत प्रशिक्षित आरोग्यदूत महिला घरी जाऊन बाळाची काळजी घेत होत्या आणि ४७ गावे तुलनेसाठी होती. सेवेच्या गावांत हजारी ६२ असलेला नवजात मृत्युदर २५ च्या आसपास आला. आज आशाताई बाळंतिणीच्या घरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या दिवशी येते, ती २०११ पासून देशभर सुरू झालेल्या ज्या कार्यक्रमामुळे, त्याचे मूळ या गावांत आहे. तुलनेची गावे नसती तर कुणीही म्हणाले असते, काळ बदलला, पाऊस चांगला झाला, म्हणून मुले वाचली.

तुलना लहान प्रमाणावरही करता येते. बावस्कर दांपत्याने महाडला ७० विंचूदंश रुग्णांवर केलेला अभ्यास २०११ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. ३५ जणांना नुसते प्राझोसिन, ३५ जणांना प्राझोसिनबरोबर विंचूविषाची प्रतिलस. दहा तासांत पहिल्या गटातले ८ बरे झाले, दुसऱ्यातले ३२. आपणच पुढे आणलेले औषध एकटे पुरेसे नाही, जोडीला लस हवी, हे त्याच डॉक्टरने मोजून सांगितले. मला त्यांच्या सगळ्या कामात हे पान सर्वांत मोठे वाटते.

परवानगी कुणाची?

संशोधनाचे नाव काढले की आपल्या वस्तीत लोक सावध होतात, आणि त्याला कारण आहे. २००९-१० मध्ये तेव्हाच्या आंध्र प्रदेशातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची लस देण्याचा प्रकल्प झाला. त्यांत आदिवासी मुली मोठ्या संख्येने होत्या. कित्येक ठिकाणी संमतीच्या कागदावर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या अधीक्षकांनी आणि मुख्याध्यापकांनी सह्या केल्या होत्या. एप्रिल २०१० मध्ये प्रकल्प थांबवावा लागला आणि २०१३ मध्ये संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. लस चांगली की वाईट हा तिथला वाद नव्हता. गरिबाच्या मुलीला विचारायची गरज कुणाला वाटली नाही, हा होता.

म्हणून डॉक्टरला संशोधन शिकवताना आकडेशास्त्राआधी संमती शिकवावी असे माझे मत आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची २०१७ ची नैतिक मार्गदर्शक तत्त्वे यावर स्पष्ट आहेत. नैतिकता समितीची मान्यता आधी घ्यायची, माणसाला त्याच्या भाषेत समजावून सांगायचे, नाही म्हटले तरी त्याच्या उपचारात फरक पडता कामा नये. कागदावर हे सोपे आहे. गावात मात्र उपचार करणारा डॉक्टर आणि परवानगी मागणारा डॉक्टर एकच असतो, आणि पंचक्रोशीत दुसरा डॉक्टर नसतो. अशा वेळी बाई 'हो' म्हणते तो होकार किती मोकळा? अशा ठिकाणी संमती घ्यायला डॉक्टरऐवजी दुसरे कुणी, शक्यतो त्या वस्तीशी बोलणारे, असावे.

आणखी एक गोष्ट पुस्तकांत फारशी सापडत नाही. गावात बौद्ध वस्तीची बारा घरे असतात. अहवालात "बौद्ध वस्तीत क्षयाचे तीन रुग्ण" असे छापले की नाव न लिहिताही ते तिघे कोण हे सगळ्या गावाला कळते. मग पाणवठ्यावर, शाळेत, लग्न जमवताना त्याचे काय होते ते सांगायला नको. म्हणून जात विचारूच नये का? तसेही नाही. विदर्भात सिकलसेल हा आजार आदिवासींप्रमाणे बौद्ध समाजातही मोठ्या प्रमाणावर आहे, हे समाजनिहाय तपासले म्हणूनच कळले. जात नोंदवावी, पण आकडे तालुक्याच्या पातळीवर एकत्र करून मांडावेत, वस्ती ओळखू येईल असे नव्हे. हा बारकावा शहरातून आलेल्या संशोधकाला सुचत नाही. तिथल्या तिथे राहणाऱ्याला सुचतो.

शिकवायचे कसे

एक दिवसाची कार्यशाळा, फाइल, पेन, जेवण आणि प्रमाणपत्र, याने कुणी संशोधक होत नाही. जागतिक आरोग्य संघटनेशी जोडलेला 'सॉर्ट-इट' नावाचा एक प्रशिक्षण कार्यक्रम २००९ पासून अनेक देशांत चालतो. त्याची रीत मला पटते. डॉक्टर स्वतःच्या कामातला एक प्रश्न घेऊन येतो. काही दिवस प्रश्न नेमका करणे आणि आराखडा लिहिणे, मग आपल्या ठिकाणी जाऊन माहिती गोळा करणे, पुन्हा एकत्र येऊन ती तपासणे, शेवटी लेख लिहून नियतकालिकाकडे पाठवणे. प्रत्येक टप्प्याला मुदत असते आणि ती चुकली की पुढच्या टप्प्यात प्रवेश नाही. सुरुवातीपासून एक अनुभवी मार्गदर्शक सोबत. शेवटी हातात एक पूर्ण झालेला अभ्यास असतो. पोहायला शिकवायचे तर विहिरीत उतरावे लागते, तसेच हे.

आपल्याकडे सोयी अगदीच नाहीत असेही नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय साथरोगशास्त्र संस्थेचा आरोग्य संशोधनाचा पायाभूत अभ्यासक्रम 'स्वयं'सारख्या सरकारी व्यासपीठावर घरबसल्या, शिकायला फी न देता करता येतो. पण तो इंग्रजीत आहे, आणि ओपीडी संपवून रात्री नेटवर्क शोधत तो पुरा करणे सोपे नाही. केंद्राच्या आरोग्य संशोधन विभागाने आदर्श ग्रामीण आरोग्य संशोधन केंद्रांची योजना आणली. महाराष्ट्रात डहाणूला असे केंद्र आहे. मराठवाड्यातल्या डॉक्टरला डहाणू किती दूर आहे ते नकाशात पाहावे. बदनापूरजवळ वरुडीला खासगी वैद्यकीय महाविद्यालय आधीपासून होतेच. जालन्याच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे उद्घाटन ऑक्टोबर २०२४ मध्ये झाले. महाविद्यालय आले की जनऔषधशास्त्राचे प्राध्यापक येतात आणि नैतिकता समिती उभी करावी लागते. आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरला नेमके हेच दोन आधार मिळत नाहीत. आठवड्यातून एक दुपार त्या प्राध्यापकांनी तालुक्याच्या डॉक्टरांसाठी राखली तरी पुष्कळ होईल. अर्थात डॉक्टरला ती दुपार मोकळी मिळाली पाहिजे. रिकामी पदे भरल्याशिवाय संशोधनाची अपेक्षा करणे ही थट्टा आहे.

डॉक्टरने सगळे एकट्याने करावे, असेही नाही. इंग्लंडच्या यॉर्कशायरमधले विल्यम पिकल्स हे एका दरीतल्या खेड्यांचे डॉक्टर. कोण कुणाच्या घरी गेला, कुठल्या जत्रेत भेटला, हे माहीत असल्यामुळे काविळीची लागण झाल्यापासून लक्षणे दिसेपर्यंत साधारण महिना जातो, हे त्यांनी मांडले. त्यांचे पुस्तक १९३९ मध्ये निघाले. तक्ते आणि आलेख काढायला त्यांच्या पत्नी मदत करीत. आपल्याकडे समाजशास्त्र आणि समाजकार्य शिकलेली कितीतरी मुलेमुली तालुक्याच्या गावी नोकरीची वाट पाहत आहेत. प्रश्नावली तयार करणे, घरोघरी मुलाखत घेणे, नमुना निवडणे, हेच तर ती शिकली आहेत. डॉक्टरला छेद मोजून देणारे हात हेच आहेत.

आता फवारणीकडे परत येते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. जालन्यातही कपाशी आहे, आणि पाठीवर पंप घेऊन रोजाने फवारणी करणारे बहुतेक भूमिहीन असतात. मी पाहिलेल्या रजिस्टरांत 'व्यवसाय' या रकान्यात बहुधा एकच शब्द असतो : शेती. मालकाचा व्यवसाय शेती आणि मजुराचाही शेतीच. शासनाची गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजना कीटकनाशक हाताळताना झालेल्या विषबाधेला लागू आहे, पण ती खातेदार शेतकऱ्याला आणि त्याच्या कुटुंबातल्या एका सदस्याला. ज्याच्या नावे सातबारा नाही, तो तिच्याबाहेर. असे किती जण बाहेर राहिले, हे मागायला गेले की आकडा मिळत नाही, कारण तो लिहिलेलाच नाही.

रुग्ण कल्याण समित्यांवर आपले काही कार्यकर्ते आहेत. सप्टेंबर-ऑक्टोबरची फवारणी सुरू होण्याआधीच्या बैठकीत त्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांना एवढेच सुचवावे : विषबाधेच्या केसपेपरवर 'शेती'ऐवजी 'स्वतःची शेती' किंवा 'रोजाने फवारणी' असे लिहावे, गावाचे नाव लिहावे, फवारलेल्या औषधाची बाटली नातेवाइकांकडून मागवून तिच्यावरचे नाव उतरवून घ्यावे आणि फवारणीपासून उलटी सुरू होईपर्यंत किती तास गेले ते टिपावे. चार नोंदी. गावात त्या हंगामात रोजाने फवारणी करणारे किती जण आहेत, याची यादी आशाताई आणि वस्तीतली शिकलेली मुले मिळून दोन दिवसांत करू शकतात.